आधी जतन, मग दुरुस्ती

घाट उतरणारी मालगाडी कॅसलरॉकला थांबवतात, ब्रेक तपासतात आणि मगच पुढं सोडतात. इथून कुळ्यापर्यंतचा ब्रगांझा घाट जेमतेम सव्वीस किलोमीटरचा, पण चढ सदतीसास एक. गाडी उताराला लागल्यावर ब्रेकबद्दल शंका येऊन काही उपयोग नसतो. माझ्या मामांची उभी नोकरी याच घाटात, रुळांवर गेली. निवृत्तीनंतरही ते स्टेशनपासून हाकेच्या अंतरावरच राहिले. एका जुलैत त्यांचा फोन आला तो मात्र टीव्हीसाठी. डिशचा रेकॉर्डर बॉक्स सुरू व्हायचा, लोगो दाखवायचा, बंद पडायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. तक्रार नोंदवली तर उत्तर मिळालं : फॉरमॅट मारा, नाहीतर बॉक्स बदलून देतो. मामा म्हणाले, "अगो, टीव्ही नाही लागला तरी चालेल. आतलं तेवढं जाऊ देऊ नको."

आतलं म्हणजे दोन संगीत नाटकं, आषाढीतली काही कीर्तनं, एक दिवाळी पहाट आणि एका बातमीपत्रातला तीन मिनिटांचा तुकडा. एका पावसाळ्यात घाटात दरड कोसळली होती. माती उपसणाऱ्या मामांच्या जुन्या गँगमधली माणसं त्या बातमीत दिसली होती. त्यातली दोघं आता नाहीत.

टीव्ही रेकॉर्डर बिघडला की एकाच वेळी दोन कामं उभी राहतात. पहिलं बॉक्स चालू करण्याचं, दुसरं आतलं वाचवण्याचं. आपण ती एकच समजतो आणि तिथंच फसतो. कारण पहिल्या कामाचे बहुतेक सोपे उपाय दुसऱ्या कामाच्या मुळावर येतात. रेकॉर्डिंग, त्यातले बिघाड, ते बाहेर काढण्याच्या वाटा आणि जतनाची शिस्त यांचा हा आढावा याच एका मुद्द्याभोवती आहे.

फितीपासून तबकडीपर्यंत

घरी बसून टीव्हीवरचं टिपून ठेवण्याची सोय सत्तरच्या दशकातली. सोनीचं बीटामॅक्स १९७५मध्ये आलं आणि जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६मध्ये. आपल्याकडं व्हीसीआर घराघरात दिसू लागला तो ऐंशीच्या दशकात, आणि तोही पुष्कळदा भाड्यानं आणलेला. फितीवरचं रेकॉर्डिंग खरबरीत असायचं, पण ते आपलं असायचं. कॅसेट उचलायची, शेजारच्या घरी न्यायची, त्यांच्या यंत्रात लावायची. कुणाची परवानगी लागत नसे.

अमेरिकेत १९९९मध्ये टिवो हा रेकॉर्डर आला आणि फितीची जागा हार्ड डिस्कनं घेतली. भारतात टाटा स्कायनं २००८मध्ये 'प्लस' नावाचा रेकॉर्डर आणला. इतर डीटीएच कंपन्यांनीही पुढच्या काही वर्षांत आपापले रेकॉर्डर काढले. काहींनी डिस्क बॉक्सच्या आत बसवली, तर काहींनी मागं यूएसबीची खाच देऊन डिस्क ग्राहकालाच आणायला सांगितली. चालू कार्यक्रम थांबवता येणं, एक वाहिनी बघताना दुसरी टिपता येणं, मालिकेचे सगळे भाग आपोआप साठत जाणं, ही तेव्हा चैन वाटायची.

कॅसलरॉकसारख्या ठिकाणी ती चैनीपेक्षा जास्त काही होती. ते ज्या जोयडा तालुक्यात येतं, तो कर्नाटकात आहे. घरात कोकणी, शेजारी मराठी, कचेरीत कन्नड अशी इथली रीत. कारवार, हल्याळ आणि सुपा हा पट्टा महाराष्ट्राच्या सीमाभागाच्या दाव्यातही आहे. डोंगराच्या कुशीतल्या वस्तीत साध्या अँटेनावर चित्राऐवजी मुंग्याच जास्त दिसायच्या. आकाशातला सिग्नल थेट छतावर घेणाऱ्या छत्रीनं, म्हणजे डिशनं, मराठी वाहिन्या पहिल्यांदा इथं स्वच्छ दिसू लागल्या. रेकॉर्डरमुळं त्या पाऊस आणि वीज यांच्या वेळापत्रकाशी जुळवून बघता येऊ लागल्या. लाइट आहे तेव्हा टिपायचं, सवड होईल तेव्हा बघायचं.

पेटीत काय साठतं

रेकॉर्डर चित्रं 'काढत' नाही. उपग्रहावरून वाहिनी आधीच दाबून, आकड्यांचा प्रवाह होऊन येते. बॉक्स तो प्रवाह जवळजवळ जसाच्या तसा डिस्कवर उतरवून ठेवतो. म्हणून डिजिटल रेकॉर्डिंग मूळ प्रक्षेपणाइतकंच चांगलं दिसतं, आणि प्रक्षेपण फाटलेलं आलं असेल तर ते तितकंच फाटलेलं राहतं.

किती जागा लागते, हा हिशोब सोपा आहे. साध्या दर्जाच्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ३ मेगाबिट धरला तर तासाला सुमारे १.३५ जीबी होतात. एचडी वाहिनी ८ मेगाबिटची धरली तर तासाला ३.६ जीबी. म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर एचडीचे जास्तीत जास्त १३८ तास मावतील. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण डिस्कचा एक भाग बॉक्स स्वतःसाठी राखून ठेवतो. आपण काहीही रेकॉर्ड करत नसलो, तरी 'थांबवा' आणि 'मागे न्या' ही बटणं चालावीत म्हणून समोरची वाहिनी सतत डिस्कवर लिहिली जात असते. टीव्ही बंद आणि बॉक्सचा दिवा हिरवा असेल, तर रात्रभर बॉक्स कुणी न बघणारा कार्यक्रम लिहीत बसलेला असतो. संगणकातल्या डिस्कला विसावा मिळतो, हिला मिळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पैसे भरून मिळणाऱ्या वाहिन्यांचं रेकॉर्डिंग डिस्कवर कुलूपबंद असतं. त्याची किल्ली त्या विशिष्ट बॉक्सशी आणि बहुतेक वेळा त्यातल्या कार्डाशीही बांधलेली असते. डिस्क काढून संगणकाला जोडली, तर संगणक "ही डिस्क ओळखता येत नाही, फॉरमॅट करू का?" असं विचारतो. दुसऱ्या घरच्या अगदी तशाच बॉक्सला जोडली तरी तो बॉक्सही तेच करायला निघतो. अनेक सेवांत रिचार्ज संपलं की आधीची रेकॉर्डिंगही उघडत नाहीत.

गोवा १९६१मध्ये मुक्त होईपर्यंत कॅसलरॉक हे सरहद्दीचं स्टेशन होतं. इथं जकात तपासणी व्हायची आणि कागद नसेल तर सामान डब्यात असूनही पुढं जात नसे. रेकॉर्डरची गत तशीच आहे. माल आपल्या घरात, आपल्या विजेवर, आपण विकत घेतलेल्या डिस्कवर पडून असतो, पण नाका ओलांडून बाहेर नेण्याचा कागद आपल्याकडं नसतो.

बिघाड कुठला, हे आधी ओळखा

रेकॉर्डरच्या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारींचा डिस्कशी संबंधच नसतो. तरीही दोष डिस्कवर येतो आणि फॉरमॅटची शिक्षाही तिलाच होते. म्हणून बाहेरून आत असं तपासत यावं : छत्री, केबल, वीज, उष्णता आणि सगळ्यात शेवटी डिस्क.

छत्रीपासून सुरुवात करू. डीटीएच ज्या कू-बँडवर चालते, त्या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते. मुसळधार पावसाचे थेंब या लहरी शोषतात आणि विखुरतात. जुना अॅनालॉग टीव्ही हळूहळू धूसर व्हायचा. डिजिटल चित्र शेवटपर्यंत ठणठणीत असतं, मग एकदम चौकोन पडतात आणि ते गोठतं. उपग्रह आकाशात जितका खाली, तितका लहरींचा पावसातून होणारा प्रवास लांब. कॅसलरॉकहून ८३ अंश पूर्वेचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६९ अंशांवर, म्हणजे डोक्याच्या बराच जवळ दिसतो. डीडी फ्री डिश ज्यावर आहे, तो ९३.५ अंशांचा सुमारे ६१ अंशांवर, तर १०८ अंशांच्या जवळचा उपग्रह जेमतेम ४७ अंशांवर. एकाच गल्लीत, एकाच सरीत एकाचा टीव्ही चालतो आणि दुसऱ्याचा बंद पडतो, त्याला हे एक कारण. या शेवटच्या उपग्रहाकडं रोखलेल्या छत्रीला पूर्वेकडच्या झाडांचाही अडथळा लवकर होतो. जंगलातल्या गावात छत्री बसवली तेव्हा नसलेली फांदी पाच वर्षांनी तिच्यासमोर आलेली असते.

मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबरअखेरीच्या सुमारास काही दिवस, ठरावीक वेळी, स्वच्छ उन्हातही काही मिनिटं सिग्नल जातो. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं आलेला असतो आणि त्याचा रेडिओ-कल्लोळ सिग्नलला गिळून टाकतो. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. त्या वेळेचं रेकॉर्डिंग मात्र त्या जागी कायमचं तुटतं.

केबलचा एक बिघाड हमखास फसवतो. एक बघत दुसरं टिपणाऱ्या बॉक्समध्ये दोन ट्यूनर असतात आणि पुष्कळ मॉडेलांत त्यांच्यासाठी छत्रीकडून दोन केबली येतात. दुसऱ्या केबलच्या जोडात पाणी शिरलं की समोरची वाहिनी छान दिसते, पण रेकॉर्डिंग 'अयशस्वी' म्हणून नोंदलं जातं किंवा काळा पडदा टिपतं. माणूस डिस्कला शिव्या घालतो आणि खरा दोष छतावरच्या गंजलेल्या स्क्रू-पिनेत असतो. दोन्ही केबली अदलाबदल करून बघा. दोष जागा बदलत असेल, तर तो केबलचाच.

मग वीज. रेकॉर्डर लोगोपर्यंत येऊन पुन्हा बंद पडत असेल, तर पहिला संशय अडॅप्टरवर घ्यावा. साडेतीन इंची डिस्कची मोटर उभी राहताना बारा व्होल्टच्या वाहिनीवर क्षणभर दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. अडॅप्टरमधले कपॅसिटर म्हातारे झाले, फुगले, की मीटरवर बारा व्होल्ट बरोबर दिसतात, पण भार पडताच कोसळतात. बॉक्स दचकतो, बंद होतो, पुन्हा सुरू होतो. मामांच्या बॉक्सचं नेमकं हेच झालं होतं. कान लावल्यावर आतली डिस्क फिरायला लागल्याचा आवाज यायचा, वेग घ्यायच्या आत तो मरायचा, आणि पडदाही विझायचा. तितक्याच व्होल्टचा, तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि पिनेची तीच ध्रुवता असलेला अडॅप्टर लोंढ्याच्या दुकानात मिळाला. तो लावला आणि तिसऱ्या मिनिटाला रेकॉर्डिंगची यादी पडद्यावर आली. फॉरमॅट मारला असता, तर बॉक्स तरीही सुरू झाला नसता आणि यादीही गेली असती.

उष्णता आणि दमट हवा हा घाटमाथ्यावरचा वेगळाच संसार. पावसाळ्यात इथं कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, काडेपेटी पेटत नाही. चालू बॉक्स आतून कोमट असल्यामुळं ओलीपासून बचावतो. धोका असतो तो तीन दिवस बंद राहून पुन्हा चालू करताना. हेलियम न भरलेल्या डिस्कच्या अंगावर हवेसाठी गाळणी लावलेलं बारीक छिद्र असतं. बाहेरची ओल तिथून आत पोचते. उबेला मुंग्या येतात, पाली येतात. त्यात आपण बॉक्सवर क्रोशाचं कव्हर घालतो, वर गणपती ठेवतो आणि हवा जायच्या फटी बंद करतो. बॉक्सच्या चारही बाजूंना चार बोटं मोकळी जागा ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

हे सगळं तपासून झालं की डिस्क. तिचे बिघाड बोलके असतात. जुनं रेकॉर्डिंग एका विशिष्ट जागी अडतं, डिस्कची घरघर ऐकू येते, काही सेकंदांनी बॉक्स पुढं उडी मारतो. कालपर्यंत नीट चालणारं रेकॉर्डिंग आज अडलं, तर दोष डिस्कवरच्या खराब जागेचा. पहिल्या दिवसापासून त्याच सेकंदाला चौकोन पडत असतील, तर त्या रात्री पाऊस होता, एवढंच. चालू वाहिनीही अडखळते, पण 'थांबवा' ही सोय बंद केली की सुधारते, असं असेल तरी संशय डिस्कवर घ्यावा. आणि घड्याळासारखी ठरावीक टकटक ऐकू आली, तर बॉक्सची वीज लगेच काढावी. डिस्क वाचणारं डोकं जागेवर बसत नसल्याचा तो आवाज असतो, आणि प्रत्येक प्रयत्नागणिक तबकडीवर ओरखडे पडण्याचा धोका वाढत जातो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा ऐकिवात असतो. आपल्या दमट हवेत तो करणं म्हणजे तबकडीवर दव पाडणं.

डिस्का किती टिकतात? बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या लाखो डिस्कांचा हिशोब दरवर्षी जाहीर करते. २०२३मध्ये तिच्याकडच्या डिस्का निकामी होण्याचं वार्षिक प्रमाण १.४० टक्के होतं. पण त्या थंड, कोरड्या, अखंड विजेच्या खोल्यांत राहतात. घाटातल्या शोकेसमधल्या डिस्कनं त्या आकड्यावर विसंबू नये.

दुरुस्तीची घाई

दुरुस्तीचे चार ठरलेले उपाय आहेत : रिसेट, नवं सॉफ्टवेअर, फॉरमॅट, बॉक्स बदलणं. पहिला बहुधा निरुपद्रवी असतो. दुसऱ्यात बिघडलेल्या विजेवर सॉफ्टवेअर उतरवताना बॉक्स अर्ध्यात अडकण्याचा धोका असतो. तिसऱ्यात रेकॉर्डिंगची यादी पुसली जाते. चौथ्यात किल्लीच निघून जाते. जुनी डिस्क हाताशी राहिली तरी ती उघडणारं यंत्र गेलेलं असतं.

यात तंत्रज्ञाची चूक नसते. त्याचं काम ग्राहकाचा टीव्ही सुरू करणं, आणि तक्रार बंद होते तीही टीव्ही सुरू झाल्यावर. आत काय होतं, हा रकाना त्याच्या फॉर्मवर नसतोच. तो रकाना आपणच भरावा लागतो. तंत्रज्ञ येण्याआधी आणि बॉक्स निदान अधूनमधून चालत असतानाच जे हवं ते बाहेर काढून घ्यावं. अडखळणाऱ्या डिस्कवरून आधी सगळ्यात मोलाचं, मग बाकीचं. यादीत वरून खाली जाऊ नये.

बाहेर काढण्याच्या वाटा

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला आपल्या प्रक्षेपणावर पंचवीस वर्षांचा वेगळा हक्क दिलेला आहे. पण त्याच कायद्याचं ३९वं कलम सांगतं, की करणाऱ्याच्या खाजगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या ध्वनी वा दृश्य रेकॉर्डिंगनं त्या हक्काचा भंग होत नाही. २०१२च्या दुरुस्तीनं ६५-अ हे कलम आणलं. हक्कभंगाच्या हेतूनं तांत्रिक कुलूप तोडणं हा त्यानुसार गुन्हा आहे, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अमेरिकेत हाच वाद बीटामॅक्सवरून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १७ जानेवारी १९८४ला न्यायालयानं निकाल दिला, की नंतर बघण्यासाठी घरी टिपून ठेवणं रास्त आहे. मिळून अर्थ एवढाच निघतो : घरच्यासाठी टिपा, ठेवा, बघा. कुलूप फोडण्याच्या आणि वाटण्याच्या भानगडीत पडू नका.

कुलूप न फोडता सर्वात सरळ वाट म्हणजे बॉक्सच्या मागच्या पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिना. एचडीएमआयच्या वाटेवर नक्कल-रोधक कुलूप असतं. जुन्या तीन पिनांतून मात्र साधं अॅनालॉग चित्र आणि आवाज बाहेर पडतो. तो यूएसबी कॅप्चर कार्डानं लॅपटॉपवर घेता येतो. हे कार्ड स्वस्तात मिळतं. चित्र एचडी राहत नाही, ७२० गुणिले ५७६ बिंदूंचं होतं. काही बॉक्स काही कार्यक्रमांना या पिनांवरही अटकाव करतात, मग तिथं थांबायचं. वेळही रोख मोजावा लागतो : दोन तासांच्या नाटकाला दोन तास.

आम्ही मामांची एकतीस तासांची रेकॉर्डिंग अशी उतरवून घेतली. बाहेर पाऊस, आत लॅपटॉपवर नाटक, लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. दोन रात्री असं झाल्यावर छोटा यूपीएस आणला, बॉक्स आणि लॅपटॉप दोन्ही त्यावर घेतले. बातमीचा तीन मिनिटांचा तुकडा मात्र पहिल्याच रात्री, पहिल्या दहा मिनिटांत उतरवला होता.

ज्यांनी डीडी फ्री डिशचा साधा, एमपेग-२चा, यूएसबीवर टिपणारा बॉक्स घेतला आहे, त्यांचं काम सोपं. त्यातल्या मोफत वाहिन्यांना बहुधा कुलूप नसतं. पेनड्राइव्हवर पडणारी टीएस फाइल थेट संगणकावर चालते. दोन खाचाखोचा मात्र लक्षात ठेवाव्यात. पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीनं तयार केलेली असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बनत नाही आणि बॉक्स कार्यक्रमाचे तुकडे करतो. ते तुकडे क्रमानं जोडावे लागतात. दुसरं, टीएस फाइलला नव्यानं दाबू नये. एमकेव्हीत गुंडाळायची असेल तर चित्र जसंच्या तसं ठेवून फक्त वेष्टण बदलता येतं, एफएफएमपेगसारखी मोफत साधनं हे काम काही मिनिटांत करतात. पुन्हा दाबणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.

आणि कुठलीच वाट उरली नाही तर? टीव्हीसमोर मोबाइल तिपाईवर ठेवून चित्रण करायलाही हरकत नाही. दर्जा जाईल, माणसं राहतील. दरडीच्या बातमीतल्या चेहऱ्यांसाठी एवढंसुद्धा पुरे.

ठेवणं म्हणजे काय

डिस्कवरून काढून दुसऱ्या डिस्कवर टाकलं म्हणजे जतन झालं, असं नाही. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्या नावाशी जोडलेला एक नियम आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. आपल्या संसारात त्याचं रूप असं होईल : एक प्रत लॅपटॉपवर, एक सुट्या हार्ड डिस्कवर, एक बेळगावला किंवा पुण्याला असलेल्या मुलीकडं. तिसरी प्रत दूर हवी, कारण ओल, वीज आणि आग या तिन्ही गोष्टी घर बघून येतात. पुण्यात ८ जानेवारी २००३ला लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेटवरच्या जुन्या फिती जळाल्या. एकाच छपराखाली ठेवलेल्या ठेव्याचं पुढं काय होतं, ते त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

माध्यमांचे स्वभाव वेगवेगळे. सुटी हार्ड डिस्क कपाटात पाच वर्षं न फिरवता ठेवली, तर तिची मोटर रुसण्याची शक्यता असते. वर्षातून दोनदा जोडावी, सगळं उघडून बघावं. एसएसडी आणि पेनड्राइव्ह वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिले तर त्यांतला विद्युतभार हळूहळू गळतो, म्हणून त्यांच्यावर एकुलती एक प्रत ठेवू नये. घरी रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडीचा रंगथर दमट आणि उष्ण हवेत उडतो. व्हीएचएस फिती कुणाकडं उरल्या असतील तर कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून बघा. पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट चांगल्या यंत्रात घालू नका, यंत्रही संसर्गानं जाईल. घाटात डिस्का ठेवायच्या त्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या पावसाळ्याआधी बदलायच्या.

प्रत खरी आहे की वाटेत बिघडली, हे ओळखायला चेकसम नावाची सोय आहे. फाइलमधल्या सगळ्या आकड्यांवरून संगणक एक छोटी खूण तयार करतो. फाइलमधला एक बिट बदलला तरी खूण पूर्ण बदलते. रेल्वेच्या पार्सलच्या पावतीसारखीच ती जपायची. दोन वर्षांनी पुन्हा मोजली आणि जुळली, तर माल सुखरूप.

आणि नाव. बॉक्समध्ये कार्यक्रमाचं नाव, वाहिनी, तारीख आपोआप लागलेली असते. बाहेर काढताना तेच पहिलं हरवतं आणि 'कॅप्चर-००१७' उरतं. फाइलच्या नावात तारीख, वाहिनी आणि कार्यक्रम लिहावा. शेजारी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, कोण दिसतंय, कुठल्या मिनिटाला, हे लिहावं. मामांनी त्या बातमीसाठी सेकंदासकट नावं लिहून दिली. त्यांच्याशिवाय ती नावं आता कुणालाच सांगता येणार नाहीत.

सगळंच ठेवायचं का

नाही. ओटीटीवर ज्या मालिका पुन्हा पुन्हा सापडतात, त्यांच्यासाठी रात्री जागू नये. मोबाइलचा डेटा स्वस्त झाल्यावर रेकॉर्डर मागं पडला, कारण बहुतेकांना हवं असलेलं सगळं कुठूनतरी पुन्हा मिळू लागलं. पण 'बहुतेक' आणि 'सगळं' यांत फरक आहे. जिल्ह्याची बातमी, कुणाच्या गावची जत्रा, स्थानिक वाहिनीवरची भजनी मंडळं, एकदाच प्रक्षेपित झालेली मुलाखत हे कुठल्याच यादीत नसतं.

मोठ्या संस्थाही विसरतात. बीबीसीनं फिती महाग म्हणून पुन्हा वापरल्या, आणि 'डॉक्टर हू' या तिच्या गाजलेल्या मालिकेचे नव्वदच्या आसपास भाग आजही चित्ररूपात उपलब्ध नाहीत. त्यांचं जे काही वाचलं, त्यात प्रेक्षकांनी टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून टिपलेल्या आवाजांचा वाटा मोठा आहे. फिलाडेल्फियातल्या मॅरियन स्टोक्स यांनी २०१२मध्ये मृत्यू होईपर्यंत तीसहून अधिक वर्षं घरी बातम्या रेकॉर्ड केल्या. सुमारे सत्तर हजार कॅसेटींचा तो साठा इंटरनेट अर्काइव्हकडं गेला. उलट बाजूही आहे. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत दूरदर्शननं १९८७-८८ची 'रामायण' मालिका पुन्हा दाखवली, ती कुणीतरी वेळेवर जपली होती म्हणून.

म्हणून घरच्या रेकॉर्डरसाठी निवडीची कसोटी एकच पुरे : हे पुन्हा कुठून मिळेल? उत्तर सुचलं तर पुसा. सुचलं नाही तर आजच उतरवा.

मामांचा बॉक्स नवा अडॅप्टर घेऊन आणखी काही महिने चालला. मग एका रात्री टकटक सुरू झाली. या वेळी मामांनी मला फोन केला नाही. त्यांनी प्लग काढला आणि सकाळी तक्रार केंद्राला फोन लावला. "घेऊन जा बदलून," म्हणाले, "आत काही नाही." तंत्रज्ञानं विचारलं, "सगळं पुसलं तरी चालेल ना?" मामांनी मान हलवली आणि खालच्या स्टेशनात ब्रेक तपासायला थांबलेल्या गाडीकडं बघत राहिले.